साडू उलटा केला तरी साडूच: रिलेशन्सच्या लॉजिकचा ऑनलाइन कोर्स, माझा अनुभव

गेले दोन महिने रात्री जेवणं उरकली की हा कोर्स करत होते, परवा संपला, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहिते. रेकॉर्डेड लेक्चर्स, वहीत सोडवायचा सराव आणि दर आठवड्याला एक क्विझ. विषय आहे लॉजिक ऑफ रिलेशन्स, म्हणजे 'धाकटा', 'भाऊ', 'शेजारी', 'देणेकरी' असले शब्द जे एकटे उभेच राहत नाहीत, कुणाचा भाऊ, कुणापेक्षा धाकटा हे सांगावंच लागतं, त्यांचं गणित.

पहिल्याच लेक्चरला घोडा येतो. घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचं डोकं हे प्राण्याचं डोकं आहे. शेंबड्या पोरालाही पटेल, पण अ‍ॅरिस्टॉटलच्या जुन्या साच्यात ('सगळे अ हे ब, सगळे ब हे क, म्हणून सगळे अ हे क' असला) हे बसवून दाखवा म्हटलं तर बसत नाही, कारण 'चं डोकं' हे नातं ठेवायला तिथे जागाच नाही. मी अर्धा तास झगडले, मग पुढचा व्हिडिओ लावला. तिथून तर्कशास्त्रज्ञ डी मॉर्गनचा रिलेशन्सवरचा 1860 चा निबंध, मग चार्ल्स पर्सने 1870 मध्ये रिलेटिव्ह टर्म्ससाठी, म्हणजे असल्याच नात्याच्या शब्दांसाठी, काढलेली चिन्हं, मग श्रोडरचं याच विषयावरचं 1895 चं पुस्तक. इतिहासाचा भाग ठीकठाक, भरभर उरकलाय.

खरा जीव तिसऱ्या आठवड्यात आहे. दोन रिलेशन्स एकापुढे एक जोडायची आणि मग आख्खी साखळी उलटी करायची, आणि नियम असा की उलटी करताना प्रत्येक कडी तर उलटतेच पण कड्यांचा क्रमही उलटतो. सर त्यांची उदाहरणं घेत होते, मी वहीत आपली नाती घेतली. मामा म्हणजे आधी आई, मग तिचा भाऊ. उलटं करा, आधी बहीण, मग तिचं मूल, म्हणजे भाचा नाहीतर भाची. बरोबर आलं! मग साडू घेतला. बायको, तिची बहीण, त्या बहिणीचा नवरा, अशा तीन कड्या. मागून उलटत आले तर नवऱ्याचं उलटं बायको, बहिणीचं उलटं बहीण (दोघी बायकाच आहेत ना), बायकोचं उलटं नवरा, म्हणजे परत तीच साखळी! तो माझा साडू असेल तर मी त्याचा साडू असणारच हे कुठल्याही घरात न डोकावता नुसत्या कागदावर सिद्ध झालं, मला इतका आनंद झाला की लगेच व्याही पण करून बघितला, दोन्हीकडचे वडीलच धरले तर तोही तसाच निघतो. 'भाऊ' मात्र नाही, कारण समोर बहीण असू शकते.

आता तक्रार, आणि ही गंभीर आहे. पाचव्या आठवड्याच्या क्विझमध्ये प्रश्न होता की रिलेशन सिमेट्रिक (अ चं ब शी असेल तर ब चं अ शी असतंच) आणि ट्रान्झिटिव्ह (अ चं ब शी, ब चं क शी, तर अ चं क शी असतंच) असेल तर ते रिफ्लेक्सिव्ह (प्रत्येकाचं स्वतःशी) असतंच का. मी 'नाही' लिहिलं, चूक दाखवलं. अहो, ज्याचं कुणाशीच ते नातं नाही असा एकजण त्या गटात असला की संपलं, त्याचं स्वतःशी नातं कुठून आणणार? या जागी भलेभले घसरतात आणि कोर्सची उत्तरपत्रिकाच घसरावी हे फार वाईट. मेल केला, दोन आठवडे झाले, उत्तर नाही. नवशिका मुलगा हेच चुकीचं पाठ करून बसेल.

तरी पाचपैकी चार देते, ते सहाव्या आठवड्यासाठी. पर्स म्हणायचा की 'देणं' हे तिघांतलं नातं आहे, देणारा, वस्तू, घेणारा, त्याचे जोड्यांत तुकडे होत नाहीत. डेटाबेसवाल्यांनी हा भाग चुकवू नये, संगणकशास्त्रज्ञ कॉडचं 1970 चं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, याच रिलेशन्सवर उभं आहे. सराव असा: क ने ग ला पुस्तक दिलं, क ने घ ला पेन दिलं, ख ने घ ला पुस्तक दिलं. आता तीन कॉलमच्या या टेबलची दोन दोन कॉलमची तीन टेबलं करा आणि परत जॉइन करा, म्हणजे जुळणाऱ्या ओळी जोडून तीन कॉलमचं टेबल बनवा. क ने पुस्तक दिलंय, क ने घ ला काहीतरी दिलंय, घ ला पुस्तक मिळालंय, तिन्ही खरं. आणि जॉइनमधून चौथी ओळ बाहेर येते, क ने घ ला पुस्तक दिलं, जे कधी घडलंच नाही.