‘फाइव्ह विशेस’ची पुस्तिका आणि समासात लिहिलेली एक ओळ

‘फाइव्ह विशेस’ ही शेवटच्या आजारातल्या आपल्या इच्छा लिहून ठेवायची पुस्तिका जेमतेम डझनभर पानांची आहे. आम्हा दोघांना ती भरायला तीन रविवार लागले. भरून झाल्यावर माझं मत असं झालंय की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने ती घ्यावी, एकत्र बसून भरावी आणि तेवढ्यावर थांबू नये. का थांबू नये ते पुढे सांगते.

न्यू जर्सीत आम्हाला पस्तीस वर्षं झाली. घराची कागदपत्रं झाली, मृत्युपत्र झालं, इन्शुरन्स झाला. लिव्हिंग विल, म्हणजे आपल्याला बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत-नकोत ते लिहून ठेवणं, तेवढं राहिलं. खरं तर इथे हॉस्पिटलात दाखल होताना दर वेळी विचारतात, तुमचं अ‍ॅडव्हान्स डिरेक्टिव्ह, म्हणजे उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या सूचना, आहे का? मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांना 1990 च्या ‘पेशंट सेल्फ-डिटरमिनेशन अ‍ॅक्ट’प्रमाणे हे विचारावंच लागतं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी ‘नाही’वर खूण केली. ह्यांच्या स्टेंटच्या वेळीही ‘नाही’.

मग मागच्या हिवाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या यजमानांना स्ट्रोक झाला. अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. भारतातून त्यांचे मोठे भाऊ फोनवर सांगत, काहीही करा पण वाचवा. मुलगा म्हणे, बाबांना हे असं चाललं नसतं. मैत्रीण दोघांच्या मध्ये. डॉक्टर रोज एकच गोष्ट विचारत: ह्यांनी स्वतः कधी काही सांगितलं होतं का? तेव्हा तो प्रश्न मला क्रूर वाटला होता. नंतर कळलं की इथला कायदा त्याच प्रश्नाभोवती उभा आहे. नॅन्सी क्रूझन ही पंचवीस वर्षांची मुलगी 1983 च्या अपघातानंतर कधी शुद्धीवर आली नाही. तिला अन्न देणारी नळी काढावी म्हणून आईवडील थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1990 मध्ये न्यायालयाने म्हटलं की रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे. तिने काही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या वयात कोण लिहितं? आम्ही तर सत्तरीला आलो होतो.

ही पुस्तिका ‘एजिंग विथ डिग्निटी’ या संस्थेची. संस्थापक जिम टोवी हे मदर तेरेसांचे वकील होते. मजकूर बनवताना अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या तज्ज्ञांची मदत घेतलेली आहे. भाषा मात्र वकिली नाही. ज्याला इंग्रजी वाचता येतं पण कायद्याच्या इंग्रजीची धास्ती वाटते, त्यालाही ती एका बैठकीत समजते. जे वाक्य पटत नाही ते सरळ खोडायचं, अशी सूचनाच आहे.

पहिली इच्छा: तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने कोण बोलणार? एकाच माणसाचं नाव, आणि तो मिळाला नाही तर दुसरा, तिसरा. आम्ही पहिल्या रविवारी इथेच अडकलो. आपल्याकडे असे निर्णय ‘सगळे मिळून’ घेतात, आणि सगळे मिळून म्हणजे काय ते मैत्रिणीच्या घरी मी अकरा दिवस पाहिलं होतं. मुलगा मोठा, पण तो कॅलिफोर्नियात. मुलगी तासाभराच्या अंतरावर. हे म्हणाले, मुलाला वाईट वाटेल. मी म्हटलं, त्यालाच विचारू. फोनवर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “आई, तिलाच दे. मी तिच्याशी भांडणार नाही, हे पण लिहून देतो.” माझ्या मते या पुस्तिकेने करून घेतलेलं सगळ्यात मोठं काम ते हेच.

याच भागात एजंटला, म्हणजे आपल्या वतीने बोलणाऱ्याला, काय काय अधिकार द्यायचे त्याची यादी आहे. कागदपत्रं पाहणं, डॉक्टर बदलणं, गरज पडली तर दुसऱ्या राज्यात हलवणं. राज्यात. देशाचा उल्लेख नाही. आम्ही शेजारी हाताने लिहिलं, ‘किंवा भारतात, प्रवास शक्य असेल तर’.

दुसरी इच्छा उपचारांची. मृत्यू जवळ आला असेल तर, कोमातून परतण्याची आशा नसेल तर, मेंदूला कायमची गंभीर इजा झाली असेल तर, अशा प्रत्येक स्थितीत तीन पर्याय: कृत्रिम आधार हवा, नको, किंवा डॉक्टरांना उपयोग होईल असं वाटत असेल तर सुरू करा आणि होत नसेल तर काढा. इथे सावकाश वाचा. ‘लाइफ सपोर्ट’च्या व्याख्येत व्हेंटिलेटर आणि छातीवर दाब देणं आहेच, पण नळीने अन्नपाणी, डायलिसिस, रक्त देणं, मोठी शस्त्रक्रिया आणि अँटिबायोटिक्ससुद्धा आहेत. नुसतं ‘नको’ म्हटलं की हे सगळंच नको असा अर्थ होतो. व्याख्येतून काही वगळायचं असेल तर खाली मोकळी जागा आहे, ती वापरा. मी अँटिबायोटिक्सबद्दल तिथे दोन ओळी लिहिल्या, फॅमिली डॉक्टरांना विचारून.

आम्ही या पानाच्या खुणा वेगवेगळ्या खोल्यांत बसून केल्या. माझी पक्की समजूत होती की हे सगळीकडे ‘नको’ लिहिणार. टीव्हीवर असं काही दिसलं की ते नेहमी म्हणायचे, आपल्याला बुवा असं नको. मी डॉक्टरांना छातीठोकपणे तेच सांगितलं असतं. त्यांनी खूण केली होती तिसऱ्या पर्यायावर. “प्रयत्न तर करून बघा ना,” ते म्हणाले. “लगेच कशाला सोडता मला?” अडतीस वर्षांच्या संसारानंतर मी त्यांच्या बाबतीत चुकीचं उत्तर दिलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसरी, चौथी आणि पाचवी इच्छा वाचताना मात्र मन निवलं. ताप आला तर कपाळावर ओली पट्टी ठेवा. ओठ कोरडे पडू देऊ नका. वेदना होऊ देऊ नका, औषधाने गुंगी आली तरी चालेल. कोमट तेलाने अंग चोळा. मी प्रतिसाद देत नसले तरी हात हातात घ्या, माझ्याशी बोला. हे सगळं त्यात छापलेलं आहे. सरकारी फॉर्मात या गोष्टींना सहसा जागा नसते, आणि शेवटच्या दिवसांत घरच्यांच्या हातात एवढंच तर उरतं. पाचवीत क्षमेच्या ओळी आहेत. त्या आम्ही एकमेकांना वाचून दाखवल्या नाहीत.

‘माझ्याशी बोला’पाशी मी थांबले. मैत्रिणीच्या यजमानांना चौथ्या दिवशी नर्सने इंग्रजीत सांगितलं होतं, हात दाबा. काही नाही. मैत्रीण कानाशी वाकून म्हणाली, “अहो, माझा हात दाबा ना.” बोटं हलली. मी तिथेच होते. मेंदू थकला की नंतर शिकलेली भाषा आधी दूर जाऊ शकते आणि लहानपणीची मागे राहू शकते. म्हणून समासात लिहिलं: ‘माझ्याशी मराठीत बोला. नातवंडांना येत नसेल तर फोनवर कुणाला तरी बोलायला लावा.’ तेच खाली इंग्रजीतही लिहिलं, नर्सला वाचता यावं म्हणून.

सह्यांचं काम सोपं होतं. न्यू जर्सीत दोन साक्षीदार पुरतात, आणि ज्याला एजंट नेमलं तो साक्षीदार होऊ शकत नाही. काही राज्यांत नोटरीही लागतो, काही ठिकाणी राज्याचा स्वतःचा फॉर्म जोडावा लागतो, तेव्हा राज्य बदललंत तर पुन्हा तपासा. प्रती मुलीला, मुलाला, फॅमिली डॉक्टरांना. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता तो कोण उघडणार?

आता ‘थांबू नये’बद्दल. एक तर हा कागद अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांसाठी नाही. ते डॉक्टरांच्या सहीचा आदेश पाहतात, म्हणजे डीएनआर (हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करू नका) किंवा पोल्स्ट (कोणते उपचार करायचे, कोणते नाही त्याचा आदेश). गंभीर आजारी किंवा अगदी थकलेल्या माणसासाठी तो डॉक्टरांशी बोलून वेगळा करावा लागतो. आम्हाला अजून गरज नाही.

दुसरं आमच्यासारख्यांसाठी जास्त महत्त्वाचं. आम्ही दर हिवाळ्यात दोन-अडीच महिने भारतात असतो. तिथल्या आयसीयूत ही पुस्तिका दाखवली तर आमची इच्छा काय ते कळेल, पण तिथली पद्धत वेगळी आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला लिव्हिंग विल मान्य केलं, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून फारसं कुणी करत नसे. 24 जानेवारी 2023 ला ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एकाहून जास्त नातेवाइकांची नावं देता येतात. वेळ आली की हॉस्पिटलातलं तीन डॉक्टरांचं मंडळ मत देतं, मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत निर्णय द्यायचा. तेवढ्यात आमची मुलगी व्हिसा-तिकीट करून पोचेलच याची खात्री नाही. म्हणून यंदा गेलो तेव्हा तिथला वेगळा कागद केला, ह्यांच्या भाच्याचं नाव मुलीच्या नावाबरोबर घातलं आणि त्याला समोर बसवून पुस्तिकेतली दुसरी, तिसरी आणि चौथी इच्छा मराठीत सांगितली. ‘नको’ची गोष्ट त्याला लगेच समजली. ‘आधी प्रयत्न, मग थांबा’ ही ह्यांची इच्छा त्याने दोनदा विचारून घेतली.

पुस्तिकेच्या शेवटी पाकिटात ठेवायचं एक छोटं कार्ड आहे, कापून घ्यायचं. त्यावर मुलीचा नंबर आहे. ह्यांच्या कार्डाच्या मागे मी भाच्याचा नंबर लिहिला, पुढे 91 लावून.