कॅसरीपची बाटली: घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी

टोरांटोत किंवा न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलमध्ये गयानीज, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या लोकांच्या, किराण्याच्या दुकानात गेलात, तर लोणची-सॉसच्या फळीवर काकवीसारखी दिसणारी काळी बाटली असते. ते कॅसरीप, म्हणजे कसावा या कंदाचा आटवलेला रस. घ्या, पण लेबल वाचून घ्या. या नावाखाली चांगला माल मिळतो तसा निव्वळ रंगीत पाकही मिळतो.

आधी बाटली तिरकी करून बघा. चांगलं कॅसरीप काचेला चिकटत सावकाश उतरतं आणि मागे तपकिरी पापुद्रा ठेवतं. सॉससारखं भसकन वाहिलं, तर ते नीट आटवलेलं नाही. मग घटक वाचा. पहिला क्रमांक कसावाच्या रसाचाच हवा. मागून थोडी साखर, मीठ, दालचिनी, लवंग, मिरची आली तरी हरकत नाही. पण साखर किंवा कॅरमेल रंग यादीत सगळ्यात वर असेल, तर बाटली परत फळीवर ठेवा. काकवी आपल्याकडे बरीच स्वस्त मिळते. चव कशी? आधी कडवट, जरा जळकट, मग मागून हलका आंबटगोडपणा. नुसतं चाटून बघितलं तर कदाचित आवडणार नाही. ते चाटायचं नाहीच.

हे आहे काय, तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कसावाचं पाणी. फक्त इथे कसावा कडू जातीचा असतो, आणि तो कच्चा खाल्ला तर जीवावर बेततं. कंद किसला की पेशी फुटतात आणि त्यातून सायनाइड सुटतं. गयानातल्या गावांत हा कीस ‘मताप्पी’त भरतात. मताप्पी म्हणजे वेतासारख्या पट्ट्यांची तिरकी वीण घातलेली, माणसाच्या उंचीची नळी. वरचं टोक तुळईला अडकवायचं, खालच्या कडीतून दांडा घालायचा आणि त्या दांड्यावर चक्क बसायचं. नळी ताणली की लांबते आणि अरुंद होते, कीस पिळला जातो, रस खालच्या भांड्यात ठिबकतो. चोथा चाळून तव्यावर भाजला की कसावाची भाकरी होते. रस स्थिर ठेवला की तळाशी पांढरा चीक बसतो, अगदी कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना बसतो तसा. आपण वरची निवळ ओतून देतो, तमिळनाडूत सेलमचे साबुदाणा कारखानेही चीक ठेवून पाणी सोडून देतात. गयानात मात्र ती निवळच तासन्‌तास उकळतात. विष वाफेबरोबर उडून जातं आणि रस आटत आटत काळा होतो. ब्राझीलमध्ये असाच रस कमी आटवून पिवळा ठेवतात, त्याला तुकुपी म्हणतात. लेबलवर तो शब्द असेल तर तो वेगळा पदार्थ समजा. आणि हा प्रयोग घरी करू नका. अर्धवट उकळलेला रस विषारीच असतो, आणि ते बघून कळत नाही.

ही विद्या तिथल्या अरावाक आणि कॅरिब आदिवासींची, ‘कॅसरीप’ हा शब्दही कॅरिब भाषेतला. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या बाजूने अरावाक भाषा बोलणारे शेतकरी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कॅरिबियन बेटांवर सरकले ते कसावा बरोबर घेऊनच. उत्खननात भाकरीच्या मातीच्या तव्यांचे तुकडे सापडतात ते त्यामुळेच. कोलंबसानंतर हे लोक ‘नामशेष झाले’ असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. गयानाच्या 2012 च्या जनगणनेत मात्र आदिवासी 78,492 भरले, लोकसंख्येच्या साडेदहा टक्के. त्यांच्या नऊ जमातींत अरावाक, म्हणजे स्वतःच्या शब्दात लोकोनो, आहेत आणि कॅरिबही आहेत. महाइका नदीवरचं पाकुरी हे लोकोनोंचं गाव आजही नांदतं आहे. बाटलीवर मात्र बहुधा फक्त ‘गयानाचे उत्पादन’ एवढंच छापलेलं असतं. गावाचं किंवा उत्पादक गटाचं नाव असलेली बाटली दिसली, तर चार पैसे जास्त पडले तरी तीच घ्यावी.

आता वापर. कॅसरीपचा खरा पदार्थ म्हणजे पेपरपॉट, मांसाचा काळा दाट रस्सा. गयानात नाताळच्या सकाळी तो वेणी घातलेल्या पावाबरोबर खातात. दोन किलो मांसाला एक कप कॅसरीप. तिथे बीफ, डुक्कर आणि गाईचे खूर घालतात. आपल्याकडे दीड किलो हाडांसकट मटण आणि अर्धा किलो पाये हे प्रमाण जमतं. पाये वगळू नका, रश्शाला चकाकी आणि चिकटपणा त्यांच्यामुळेच येतो. दालचिनीच्या दोन कांड्या, सहा लवंगा, थोडं थाइम, संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा, दोन चमचे गूळ, मीठ. विरी-विरी मिरच्या मिळाल्या नाहीत तर तीन-चार लवंगी मिरच्या अख्ख्या सोडा, फुटू देऊ नका. मांस बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर तीन तास. प्रेशर कुकरमध्ये मांस शिजतं, पण रस्सा आटत नाही. शेवटचा पाऊण तास झाकण काढावंच लागतं.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. रंग पुरेसा काळा दिसत नाही म्हणून अंदाजाने आणखी कॅसरीप ओतलं जातं आणि सगळं कडू होतं. रंग आटल्यावर येतो, तोवर थांबा. दुसरं, रस्सा दाट करायला कोणी पीठ किंवा बटाटा घालतं. मग तो तळाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. तिसरं, उष्टा चमचा. गयानात हे भांडं रोज उकळी आणून दिवसेंदिवस बाहेर ठेवतात, आणि त्यात उष्टं-खरकटं न लागू देणं हा तिथला घरोघरचा नियम आहे. तरी आपण फ्रिजमध्ये ठेवावं, आणि वाढण्यापूर्वी दर वेळी खळखळून उकळावं. दुसऱ्या दिवशी चव उजवी लागते.

शाकाहारी घरात ही बाटली घ्यावी का? वांगी किंवा मशरूमच्या रश्शात एक टेबलस्पून घातलं तर रंग आणि कडवटपणा येतो, चकाकी येत नाही. त्यासाठी आख्खी बाटली घेण्यात अर्थ नाही.

बाटली उघडल्यावर तोंडाशी थर जमून झाकण घट्ट बसतं, तेव्हा दर वेळी पुसून ठेवा. आणि संपत आली की फेकू नका, तळाला दोन-तीन चमचे माल चिकटलेला असतो. अर्धा कप कढत पाणी घालून हलवा आणि ते सरळ पेपरपॉटमध्ये ओता.