खाऱ्या पाण्याची टाकी लावताना माझ्या गळ्यात काय काय मारलं

पहिली समुद्री टाकी लावायचा विचार असेल तर दुकानात पैसे मोजण्याआधी हे वाचा. मला एका दुकानदाराने साधं मीठ परदेशी ‘रीफ सॉल्ट’ (समुद्री टाकीसाठीचं खास मीठ) म्हणून विकलं, औषधाच्या टाकीतले दगड ‘लाइव्ह रॉक’ (पाणी शुद्ध ठेवणारे बॅक्टेरिया बसलेले दगड) म्हणून दिले, कुठलेही दोन मासे ‘जोडी’ म्हणून बांधून दिले आणि रंगवलेलं अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) नैसर्गिक म्हणून खपवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय असला धंदा करणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही. पद्धत कळली तर कुठल्याही दुकानात ओळखता येईल.

माझी टाकी दोन फुटांची, साधारण 75 लिटरची. गोड्या पाण्यातले मासे घरात अनेक वर्षं आहेत, त्यामुळे फिल्टर, अमोनिया, पाणी बदलणं यातलं काही नवीन नव्हतं. खाऱ्या पाण्याचं सामान मात्र पहिल्यांदाच घेत होते, आणि दुकानदाराने नेमकं तेच हेरलं. बोलायला अतिशय गोड माणूस. “ताई, पहिलीच टाकी ना? सगळं मी सेट करून देतो. तुम्ही फक्त बघत बसा.”

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या टाकीला पहिल्यांदा पावणेतीन किलोच्या आसपास मीठ लागणार, आणि पुढे पाणी बदलताना थोडं थोडं. परदेशी मिठाची सीलबंद बादली मोठी येते आणि महागही पडते. तेव्हा तो म्हणाला, “एवढी बादली घेऊन काय करणार? मी सुटं देतो, तुमचे पैसे वाचतील.” कोणालाही पटेल असंच बोलणं आहे. दुकानात त्या ब्रँडची बादली उघडी होती, त्यातूनच त्याने माझ्यादेखत मीठ काढून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. बादली खरी होती, तिच्यावरचं लेबलही खरं होतं. रिकामी झालेली बादली पुन्हा कशानेही भरता येते.

घरी येऊन त्याने आरओच्या पाण्यात मीठ विरघळवलं, हायड्रोमीटर बुडवला आणि काटा 1.025 वर आलेला दाखवला. “बघा ताई, समुद्र तयार!” काटा खोटं सांगत नव्हता. पण हायड्रोमीटर फक्त पाण्याची घनता सांगतो. पाण्यात किती विरघळलंय ते कळतं, काय विरघळलंय ते कळत नाही. स्वयंपाकघरातलं मीठ योग्य प्रमाणात टाकलं तरी काटा तिथेच येईल. फसवणुकीची सगळी मेख इथे आहे, कारण विकत घेणाऱ्याला बहुतेक वेळा हीच एक चाचणी करून दाखवली जाते.

पुढे गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या आणि पीएच काही केल्या 8 च्या वर टिकेना. दुकानदार दर वेळी नवीन बाटली देत होता: पीएच वाढवायची, पाणी स्वच्छ करायची, बॅक्टेरियाची. शेवटी नवी मुंबईत राहणाऱ्या एका काकांना फोन केला. त्यांच्याकडे फार वर्षांपासून समुद्री टाक्या आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “केएच किती येतोय?” केएच म्हणजे पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद. मी म्हटलं, ते किट दुकानदाराने दिलंच नाही, लागत नाही म्हणाला. काका म्हणाले, “तू टाकीचं पाणी नको आणूस. उरलेलं कोरडं मीठ आण.”

त्यांनी ते मीठ स्वच्छ आरओच्या पाण्यात माझ्यासमोर विरघळवलं, काटा 1.025 वर आणला आणि केएचचे थेंब टाकले. या चाचणीत पाणी आधी निळं होतं आणि मग एका थेंबाला पिवळं होतं. जितके थेंब लागले तितका केएच. समुद्राच्या पाण्याला साधारण सात लागतात, चांगल्या रीफ सॉल्टला सात ते अकरा. माझ्या मिठाचं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं झालं. मग कॅल्शियम पाहिलं. समुद्रात ते लिटरला 400 ते 420 मिलिग्रॅम असतं, इथे किटवर धड आकडाही येईना. काकांनी स्वतःच्या सीलबंद बादलीतलं मीठ घेऊन तीच चाचणी केली आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मी फोटो काढून घेतले.

“पण समुद्राचंच मीठ आहे ना, मिठागरातलं?” हा दुकानदाराचा नंतरचा बचाव होता. माझं माहेर उरणकडचं आहे, मिठागरं बघतच मी मोठी झाले, त्यामुळे या वाक्याची मला सगळ्यात जास्त चीड आली. मिठागरात पाणी उन्हाने आटत जातं तसा त्यातला चुना आधी खाली बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर मिठाचे खडे धरतात. मीठ ओढून झाल्यावर जे कडवट पाणी उरतं ते सोडून देतात, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम निघून जातं. खाण्यासाठी हेच बरोबर आहे, नाहीतर मीठ कडू लागेल. पण माशाला, शिंपल्याला, कोळंबीला जे हवं असतं ते नेमकं वाफ्यातच मागे राहतं किंवा वाहून जातं. हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. त्याच्या पाण्यात पीएच सावरून धरणारं काहीच नसतं.

तेव्हा मीठ घ्यायचं तर सीलबंद घ्या. दोघा-तिघांनी मिळून बादली घ्या, पण सील आपल्यासमोर फुटू द्या. सुटं घ्यावंच लागलं तर टाकीत टाकण्याआधी केएच आणि कॅल्शियम तपासा. ही दोन किटं टाकीच्याही आधी विकत घ्या, आणि ती त्याच दुकानातून नको.

आता दगड. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मला जे दिलं त्यात निम्मे पांढरे, फांद्याफांद्यांचे तुकडे होते. काकांनी ते बघून कपाळाला हात लावला. ते प्रवाळ होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि सी फॅन (पंख्यासारखी प्रवाळं) घातली गेली. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलंय. प्रवाळ मेलेलं आहे, नुसता सांगाडा आहे, या सबबीला अर्थ नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. आणि मला दिलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? ‘शोभेचे दगड’. विकणाऱ्याने स्वतःला सोडवून घेतलं आणि गुन्ह्याचा माल माझ्या दिवाणखान्यात ठेवून गेला. मी वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवलं आणि ते तुकडे त्यांच्या ताब्यात दिले. मालवणच्या पाण्यात ज्यांनी जिवंत प्रवाळ बघितलंय त्यांना समजेल मी हे इतक्या तळमळीने का लिहितेय. प्रवाळाचा गोलसर दगड वर्षाला एखादा सेंटीमीटर वाढतो, बहुधा त्याहूनही कमीच. तो फोडून कोणाच्या तरी टाकीत शोभेला ठेवायचा, हे मला सहन होत नाही.

उरलेले निम्मे दगड साधे होते, पण ते आले होते त्याच्या औषधाच्या टाकीतून. माशांवर पांढरे ठिपके आले की दुकानात तांब्याचं औषध घालतात. माशांना ते चालतं, पण बिनकण्याच्या प्राण्यांना विष आहे, आणि चुनखडीचे दगड ते शोषून घेऊन नंतर हळूहळू सोडत राहतात. काकांच्या किटवर तांबं दिसलंच. दुकानात गेलात की एवढं बघा: ज्या टाकीत मासे ठणठणीत आहेत पण एकही गोगलगाय, कोळंबी, खेकडा नाही, तिथला दगड घेऊ नका. कारखान्यात बनवलेले सिरॅमिकचे दगड मिळतात, त्यांवर चार ते सहा आठवड्यांत बॅक्टेरिया व्यवस्थित बसतात. ‘ही बाटली ओता, आजच मासे सोडा’ असं कोणी म्हणाला तर अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर आल्याचं स्वतः तपासल्याशिवाय मासे सोडू नका.

क्लाउनफिशच्या ‘जोडी’चे त्याने दोन सुट्या माशांपेक्षा बरेच जास्त पैसे घेतले. दोन्ही मासे मोठे आणि अगदी सारख्या आकाराचे. क्लाउनफिश आधी सगळे नर असतात, आणि गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो. म्हणून खऱ्या जोडीत एक ठळकपणे मोठा दिसतो. सारखे मोठे दोन मासे म्हणजे दोन माद्या असण्याची शक्यता जास्त, आणि त्या एकमेकींना जगू देत नाहीत. माझ्याकडे तेच झालं. एक मेली, दुसरी काकांनी नेऊन सांभाळली. लहान पिल्लं घेतलीत तर पुढे जोडी जमते, पण मग जोडीची किंमत कशाला द्यायची? हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेलेच मासे मागा. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन केलेलं आहे, आपल्याकडे ऐरोलीलाही मँग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे. समुद्रातून पकडून आणायची गरज उरलेली नाही.

अ‍ॅनिमोनबद्दल थोडक्यात: लिंबासारखं पिवळंजर्द किंवा गडद गुलाबी दिसलं तर बहुतेक वेळा ते रंगवलेलं असतं. त्याच्या अंगातलं शेवाळ, ज्यावर ते जगतं, आधीच गेलेलं असतं. रंग उतरत जातो आणि प्राणी उपासमारीने मरतो. नवीन टाकीत तर कुठलंच अ‍ॅनिमोन नको.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदार मिठाचे पैसे परत द्यायला तयार झाला, बाकीचं ‘जिवंत माल आहे, गॅरंटी नसते’ म्हणून उडवून लावलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे पक्कं बिल नाही, पण यूपीआयच्या नोंदी आहेत, ‘इम्पोर्टेड सॉल्ट, कन्फर्म पेअर’ असे त्याचे मेसेज आहेत आणि दोन नळ्यांचे फोटो आहेत. तुम्ही बिलच मागा: मिठाचा ब्रँड आणि बॅच नंबर, माशाचं नाव, हॅचरीचा की पकडलेला, दगड कशाचा. लिहून द्यायला काचकूच करायला लागला तर पैसे न देता बाहेर पडा.