घडीची ई-सायकल: सदुसष्टाव्या वर्षी घेतली, दहा महिने चालवली

दसऱ्याला घेतली, आता श्रावण लागला. डिस्प्लेवर 2,140 किलोमीटरचा आकडा आहे. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, म्हणून पावसाळा अंगावर घेईपर्यंत थांबलो.

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये 34 वर्षं गेली. उजवा गुडघा तिथेच झिजला. स्कूटरचं ओझं आता स्टँडवर चढवताना जाणवतं आणि टिळकवाडीतून गणपत गल्लीपर्यंत रिक्षा दर वेळी परवडत नाही. डॉक्टर म्हणाले, मांडी घालून बसू नका, सायकल चालवलीत तर चालेल. साधी सायकल महिनाभर चालवून बघितली. सपाटीवर बरं वाटायचं, पण कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर उतरून ढकलत न्यायची वेळ यायची. घर पहिल्या मजल्यावर, जिना सतरा पायऱ्यांचा. तेव्हा हिशेब असा मांडला की मोटरवाली, घडी होणारी सायकल घ्यायची, घडी घालायची, वर न्यायची.

हा हिशेब तीन दिवस टिकला.

दुकानातला पोरगा म्हणाला होता, "काका, अठरा किलो आहे बघा, एका हाताने उचलतंय की." घरी आणल्यावर ओळखीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली: मडगार्ड, कॅरियर, स्टँड आणि बॅटरीसकट 21.4 किलो. बॅटरी काढली तर 19 च्या आसपास. एकोणीस किलोचं तांदळाचं पोतं खांद्यावर टाकता येतं. ही वस्तू खांद्यावर बसत नाही, चेन पायजम्याला लागते, हँडल मध्येच उघडून भिंतीला खरवडतं. चौथ्या दिवसापासून ती जिन्याखाली घडी घालून उभी असते आणि वर फक्त बॅटरी जाते. घ्यायच्या आधी दुकानदाराकडे वजनकाटा मागा, कागदावरचा आकडा बघू नका. आणि बॅटरी किल्लीने सुटी होते का ते आधी बघा, नाहीतर चार्जिंगसाठी जिन्यातून वायर लोंबत ठेवावी लागेल.

मग घडीचा उपयोग काय झाला? खरं सांगायचं तर दहा महिन्यांत पूर्ण घडी घालून गाडीत टाकली ती अकरा वेळा. त्यात सात वेळा खानापूरला लेकीकडे. मुलाच्या गाडीच्या डिकीत बसते, पण मागची सीट थोडी पुढे घ्यावी लागते. तिकडे सकाळी मलप्रभेच्या घाटापर्यंत एक चक्कर होते, तेवढ्यासाठी घडी वसूल झाली म्हणायची. बाकी वेळा फायदा झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. घडीच्या सायकलीला मधला दांडा खाली असतो, त्यामुळे पाय मागून फिरवून टाकावा लागत नाही, आत पाय घालून उभं राहता येतं. आमच्या वयात पडायची भीती चालवताना कमी, चढताना-उतरताना जास्त. कोणी विचारलं तर मी रेंज आणि स्पीड सांगतच नाही, आधी चढून-उतरून दाखव म्हणतो.

आता मुख्य तक्रार. पेडलचा सेन्सर दोन तऱ्हेचा येतो. एक नुसतं पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, दुसरा पायाने किती जोर दिला ते मोजतो. दुसऱ्याला टॉर्क सेन्सर म्हणतात आणि तो महाग पडतो. माझ्यात पहिला आहे. पेडल अर्धा फेरा फिरेपर्यंत काहीच होत नाही, मग एकदम मागून कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का. टिळकवाडीतल्या दुसऱ्या नंबरच्या रेल्वे गेटवर गाडी जाईपर्यंत उभं राहायचं, गेट उघडलं की पुढे मोटारसायकली, मागे टेम्पो, आणि मधे हा धक्का. जुलैत एकदा गल्लीत वळून परत फिरताना पेडल मारलं, चाक वळलेलं असतानाच मोटर सुटली आणि मी शेजारच्यांच्या कट्ट्यावर. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. दूध घेऊन चाललेल्या अज्जी म्हणाल्या, "निधान होग्री!" म्हणजे कन्नडमध्ये सावकाश जा. तेव्हापासून वळायच्या आधी असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीचा नंबर, शून्यावर आणतो आणि डावा ब्रेक बोटाने जरा दाबून ठेवतो. ब्रेकच्या खटक्यातच मोटर तोडणारा स्विच असतो, खटका हलला की मोटर बंद. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर मोठ्या बॅटरीऐवजी टॉर्क सेन्सरवर घाला, असं मी आता सांगेन.

वीस इंची चाकाचं एक असतं, खड्डा त्याला मोठा वाटतो. मोठ्या चाकाची सायकल ज्या खड्ड्यावरून निघून जाते, त्यात हे चाक उतरतं. रूळ ओलांडताना सरळ काटकोनात घ्यायचं, पावसात तर नक्कीच, तिरकं घेतलं तर चाक रुळाच्या खोबणीत जातं. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर मनगटांना बरं वाटतं, पण खड्ड्यात रिमवर ट्यूब चिमटून पंक्चर होतं. माझ्या टायरच्या बाजूला हवेचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडे छापलेत, मी त्यांच्या मधे ठेवतो.

पंक्चरचंच सांगतो. मागच्या चाकातच मोटर आहे. शहापुरातल्या सायकलवाल्याने आधी हात लावायलाच नकार दिला, "ओ काका, करंटचं काम आपल्याला नको." त्याला बसवून दाखवलं: जोडणी कुठे सुटते, नट कुठल्या पान्याचा, वॉशरचा दात कुठल्या खाचेत बसतो. वॉशर उलटा बसला तर आस फिरून वायर पिळली जाते, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आता तो माझी वाट बघतो. एप्रिलमध्ये एक स्पोक तुटला. मोटरच्या चाकाचे स्पोक आखूड आणि जाड, बाजारात सहज मिळत नाहीत. त्यानेच लांब स्पोक कापून आटे पाडून दिले. मोटरला वीज कमी-जास्त सोडणारा कंट्रोलर बिघडला तेव्हा मात्र जिथून घेतली त्या दुकानाने तीन आठवडे ताटकळत ठेवलं आणि फोनवर रोज "उद्या" ऐकवलं. तीन आठवडे 21 किलोची साधी सायकल चालवली. गुडघ्याने ते लक्षात ठेवलंय.

रेंज: बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची, म्हणजे 360 वॉट-अवर. कागदावर 50 किलोमीटर लिहिलंय. माझं वजन 78. दोन नंबरच्या असिस्टवर 28 ते 30, एक नंबरवर 38 पर्यंत गेलीये. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर 20 च्या वर नाही. येळ्ळूरच्या बाजूला चढावर आणि समोरून वारा असला तर याहून कमी. मला दिवसाला सात-आठ किलोमीटर लागतात, त्यामुळे महिन्यातून सात-आठ वेळाच चार्ज होते. एका वेळेला चार्जरची तूट धरून अर्ध्या युनिटच्या आत. विजेच्या बिलात शोधूनही सापडत नाही. लिथियमच्या बॅटरीला साधारण पाचशे-आठशे पूर्ण चार्ज मिळतात. माझ्या गतीने ती चार्ज मोजून नाही, वय झालं म्हणून जाईल.

लायसन, पासिंगचं बरेच जण विचारतात. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ती मोटार वाहन धरत नाहीत, नंबरप्लेट नाही, लायसन नाही. चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मात्र दुकानातून मागून घ्या. "काका, वायर बदलून पस्तीस करून देतो" म्हणणारा भेटेलच, त्याच्या नादाला लागू नका. हेल्मेट मी घालतो. "काय ओ काका, नातवाची सायकल घेऊन निघालाय की!" म्हणणारे आता गप्प झालेत.

पावसाचं थोडक्यात. रिमझिमीत चालते. जोराचा पाऊस लागला की मी थांबतो, ती चालली असती तरी. घरी आल्यावर बॅटरी बसायच्या जागेतले पितळी टोक फडक्याने कोरडे केल्याशिवाय चार्जर लावत नाही. पाइपने धुवायची नाही. घडीच्या सांध्याला आठवड्याला एकदा थेंबभर तेल आणि खटका घट्ट आहे का ते हाताने बघायचं. माझ्या सांध्यात जूनमध्ये केसभर ढिलाई आली होती. त्या खटक्यालाच आवळायचा स्क्रू असतो, पाव फेरा दिला, गेली. हँडलच्या घडीचा खटका रोज निघताना बघतो. तो उघडला तर ब्रेक दाबायला हँडलच उरत नाही.

सीटबद्दल एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला पाय सपाट टेकावा म्हणून सीट खाली ठेवली होती, गुडघा आणखी दुखायला लागला. महिन्याने दोन बोटं वर घेतली, आता पेडल खाली गेल्यावर गुडघ्यात थोडाच बाक उरतो. टेकताना फक्त चवडा टेकतो. सवय झाली.

ही सीट एका हाताने खालीवर होते, त्यातून अनपेक्षित प्रकार झाला. आमच्या सौ.ने लग्नाआधी येळ्ळूरला सायकल चालवलेली, त्यानंतर चाळीस वर्षं नाही. मार्चमध्ये तिने सीट पार खाली घेतली, एक नंबरवर टाकली आणि गल्लीत तीन चकरा मारल्या. आता वडगावला बहिणीकडे तीच नेते. पंजाबी ड्रेस घालून जाते, कारण चेनला पुरता गार्ड नाही. साडीवरही चालवता यावी म्हणते. मोटारसायकलचं साडीगार्ड वीस इंची चाकाला बसत नाही, म्हणून उद्यमबागेतल्या जुन्या मित्राला सहा एमएमच्या सळईचं बनवायला टाकलंय. माप घेताना तो विचारत होता, हे सुद्धा घडी घालता आलं पाहिजे का? मी नको म्हटलं.