यीस्टचं नाव कसं ठरवायचं: लहान लॅबसाठी चार पर्याय

आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात यीस्ट (एकपेशीय बुरशी) वाढलं की पहिला प्रश्न नावाचा. फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध चालेल की इकायनोकँडिन गटातलं लागेल, रुग्णाला वेगळं ठेवायचं का, खाटेचे कठडे कशाने पुसायचे, हे सगळं त्या नावावर ठरतं. कँडिडा ऑरिस या यीस्टच्या बाबतीत तर जास्तच. ते बहुधा फ्लुकोनाझोलला दाद देत नाही, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरतं, आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची यादी केली तेव्हा ते सर्वांत धोकादायक गटात होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणची लॅब काय घेऊ शकते?

सगळ्यांत स्वस्त म्हणजे रंगीत माध्यम, ज्यावर वेगवेगळी यीस्ट वेगवेगळ्या रंगांत वाढतात. जुन्या क्रोमअगार या माध्यमावर कँडिडाच्याच अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिस या प्रजाती अनुक्रमे हिरव्या आणि निळ्या दिसतात, पण ऑरिस पांढरट ते गुलाबी-जांभळं, म्हणजे इतर चार यीस्टसारखंच. क्रोमअगारच्याच नव्या 'प्लस' माध्यमावर मात्र त्याची कॉलनी (वाढीचा ठिपका) फिकट मलईसारखी येते आणि भोवती निळसर वलय धरतं. सोबत एक प्लेट 42 अंशांवर ठेवावी. ऑरिस तिथे वाढतं, त्याचं जवळचं नातलग हिम्युलोनाय वाढत नाही. ट्रॉपिकॅलिसही त्या तापमानाला वाढू शकतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे, फक्त संशय पक्का करायचा मार्ग.

व्हायटेक 2 सारखं जैवरासायनिक यंत्र (यीस्ट कोणती रसायनं वापरतं यावरून नाव सांगणारं) बऱ्याच ठिकाणी आधीच असतं, आणि खरी फसगत इथेच होते. यंत्राला त्याच्या संग्रहातलीच नावं ठाऊक असतात. अनोळखी यीस्ट आलं की ते त्याला सर्वांत जवळचं नाव देऊन मोकळं होतं. ऑरिस 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा वर्णिलं गेलं. 2013 मध्ये दिल्लीतल्या संशोधकांनी रक्तातल्या संसर्गाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा यंत्र त्याला हिम्युलोनाय म्हणत होतं. एपीआय 20सी ही जैवरासायनिक चाचणीची पट्टी तर कधी रोडोटोरुला ग्लुटिनिस या वेगळ्याच यीस्टचं नाव सांगायची! रोडोटोरुला पोवळ्यासारखं लालसर असतं. कॉलनी पांढरी असताना ते नाव आलं, तर नावावर नव्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवावा. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर चुका कमी होतात, संपत नाहीत.

मॅल्डी-टॉफ हे यंत्र प्रथिनांच्या ठशावरून काही मिनिटांत नाव देतं. एका नमुन्याचा खर्च थोडा, यंत्राचा प्रचंड. त्याचाही संग्रह जुना असेल तर तेही अडतं. फक्त यीस्टसाठी ते घेऊ नये. जिवाणूंचे नमुनेही रोज भरपूर येत असतील तर मात्र जरूर घ्यावं.

आयटीएस किंवा डी1/डी2 या डीएनएच्या भागांचं सिक्वेन्सिंग (अक्षरक्रम वाचणं) सर्वांत भरवशाचं, नव्या प्रजातीसाठी तर त्याला पर्याय नाही. पण दिवस जातात, आणि ते घरात हवंच असं नाही. चंदीगडच्या पीजीआयएमईआरसारख्या मोठ्या वैद्यकीय संस्थेकडे नमुना पाठवण्याची सोय आधीच लावून ठेवावी. पहिला संशयित रुग्ण आल्यावर फोन नंबर शोधत बसू नये.

माझा कौल असा: व्हायटेक असेल तर टाकू नका. 'प्लस' माध्यम घ्या आणि यंत्र ज्या नावांवर हमखास फसतं त्यांची यादी इनक्युबेटरवर चिकटवा.

राहिला रिपोर्टवरच्या नावाचा प्रश्न. कँडिडा ग्लॅब्राटाचं आता नाकासिओमायसिस ग्लॅब्राटस झालंय, कँडिडा क्रुसेईचं पिचिया कुद्रियाव्झेवी, आणि ऑरिस 2024 पासून कँडिडोझायमा ऑरिस. ही नावं जनुकीय नात्यांवर बेतलेली आहेत, म्हणून मला ती पटतात. पण रात्री दोन वाजता 'पिचिया' वाचणाऱ्या डॉक्टरला हे फ्लुकोनाझोलला मुळातच न जुमानणारं क्रुसेई आहे, हे कसं कळावं? नुसतं जुनं लिहिलं तर नवे संदर्भ सापडत नाहीत, नुसतं नवं लिहिलं तर उपचार चुकू शकतो. म्हणून नवं नाव आधी आणि त्याच ओळीत 'पूर्वीचं नाव' म्हणून जुनं.

आणि नाव पटलं नाही तर ते यीस्ट फेकू नका, ग्लिसरॉलमध्ये घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. कोरियात 1996 चा एक रक्तातला नमुना असाच जपलेला होता. पुढे पुन्हा तपासला, तेव्हा तो ऑरिस निघाला.