वॉकिंग स्टिक चालते का? इंग्रजी व्याकरणाच्या अ‍ॅपचा वापरानंतरचा अनुभव

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. नववी-दहावीच्या मुलांचे आईबाप ओळखतील. वर्षाचे पैसे एकरकमी घेतात, महिन्याचा प्लॅन नाही, रिफंडचं तर नावच काढू नका. काळ, प्रयोग, शब्दसंग्रह ठीकठाक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते '-इंग'च्या धड्याबद्दल, कारण त्यापायी त्यांच्या कस्टमर केअरशी माझं चांगलंच वाजलं.

प्रश्न होता, 'वॉकिंग स्टिक'मधलं वॉकिंग नाम की विशेषण? मुलीने नाम निवडलं. लाल फुली! अहो, काठी चालते का? चालतात आजोबा. काठी चालण्यासाठी, म्हणून इथे वॉकिंग हे क्रियेचं नाव, जेरंड. 'वॉकिंग डॉल' असती तर मान्य, कारण बाहुली स्वतः चालते, तिथे वॉकिंग विशेषणासारखं, म्हणजे पार्टिसिपल. चालण्याची काठी आणि चालणारी बाहुली, मराठी मुलाला हे सांगावंही लागत नाही. आम्ही शाळेत रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण घोकलं, त्यातही जेरंड आणि पार्टिसिपल वेगवेगळे शिकवलेत.

चॅटवर उत्तर आलं, 'नामाच्या आधी येतं ते विशेषण.' मग 'स्कूल बस'मधलं स्कूलही विशेषण का, असं विचारलं, तर तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' करून मोकळे. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. स्क्रीनशॉट पाठवले, त्यावर पाच स्टार द्या म्हणून मेसेज आला. तेव्हा एकच स्टार देऊन टाकला होता.

तो आता तीन केलाय. मध्यंतरी अपडेट आलं आणि त्यात जोड्या ऐकवायला लागले. 'डान्सिंग टीचर' दोनदा ऐकू येतं. जोर डान्सिंगवर असेल तर नाच शिकवणारे सर, टीचरवर असेल तर नाचत असलेले सर. 'स्मोकिंग रूम'चंही तेच: पहिल्या शब्दावर जोर दिला की सिगारेट ओढायची खोली, दुसऱ्यावर दिला की धूर निघणारी खोली, म्हणजे बंब बोलवायची वेळ. मुलगी आता घरभर जोर बदलत फिरते. कुठल्याही गाइडात हे मला कधी दिसलं नव्हतं, आणि छापून ते कळणारही नाही.

त्याच अपडेटमध्ये 'फ्लाइंग प्लेन्स कॅन बी डेंजरस' हे गाजलेलं वाक्य आहे आणि तिथे दोन्ही उत्तरं बरोबर धरतात. 'कॅन बी'च्या जागी 'इज' घातलं की विमान उडवणं धोक्याचं, 'आर' घातलं की उडणारी विमानं धोक्याची. म्हणजे हे ज्याने लिहिलं त्याला विषय कळतो. मग वॉकिंग स्टिकवरची फुली अजून का आहे?

मुळात दोनच खाने ठेवलेत, तिथेच गडबड आहे. 'इंटरेस्टिंग स्टोरी'ला 'व्हेरी' जोडता येतं, 'स्लीपिंग चाइल्ड'ला येत नाही. अ‍ॅप दोन्ही एकाच खान्यात कोंबतं. 'बिल्डिंग'चं बिल्डिंग्ज होतं, ते सरळ नाम. पण 'रीडिंग बुक्स इज फन'मध्ये रीडिंग वाक्याचा कर्ता आहे आणि वर त्याला बुक्स हे कर्मही आहे. बाहेरून नाम, आतून क्रियापद. जुन्या इंग्रजीत नामाला '-उंग' किंवा '-इंग' आणि विशेषणाला '-एंडे' असे वेगळे प्रत्यय होते, पुढे दोन्ही '-इंग'मध्ये मिसळले. 2002 च्या केंब्रिज ग्रामर या व्याकरणग्रंथाने तर क्रियापदाच्या या रूपापुरती जेरंड-पार्टिसिपलची भिंतच पाडली आणि 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच नाव ठेवलं. व्याकरणकारांची ही गत, आणि आमच्या पोरीचा अर्धा मार्क कापणार!

ऑटो-रिन्यूअल बंद करून ठेवलंय. दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या दरात मिळालं तर निव्वळ त्या ऐकायच्या भागासाठी घेईन, पूर्ण दराने नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी फुकटच्या ट्रायलमध्ये '-इंग'चा धडा उघडून बघा आणि त्यांची उत्तरं शाळेतल्या बाईंना दाखवा.