दाखवला एक चेन ब्रेकर, खोक्यातून निघाला दुसराच

बाइकची चेन काढायचा-बसवायचा सेट (चेन ब्रेकर आणि त्याचे तुकडे) घेण्यासाठी ठाण्यात किंवा नवी मुंबईत दुकानं पालथी घालत असाल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझे २८०० रुपये अडकलेत. पैशांपेक्षा मला भीती वाटते ती असल्या हत्याराने बसवलेली चेन घेऊन कुणी घोडबंदर रोडला लागेल याची.

माझ्या बाइकला ५२० नंबरची ओ-रिंग चेन आहे, म्हणजे कड्यांमध्ये रबरी सील असलेली. ती आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) झिजली होती, नवा किट घरी येऊन पडला होता. या चेनला रिव्हेटचं लॉक लागतं, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी, पिना फुलवून पक्की करायची कडी. जुन्या चेनच्या एका पिनेचं डोकं ग्राइंडरने सपाट घासायचं, पिन बाहेर ढकलायची, नव्या लॉकची बाहेरची पत्ती सारख्या दाबाने आत बसवायची आणि शेवटी त्या लॉकच्या पिनांची पोकळ टोकं फुलवायची. ढकलणं, दाबणं, फुलवणं ही तीन वेगळी कामं, आणि चांगल्या सेटमध्ये तिन्हींसाठी वेगळे तुकडे असतात. गॅरेजात हे सगळं हातोडी-छिन्नीने उरकलेलं मी पाहिलंय. ओ-रिंग चिरडतात, पत्ती तिरकी बसते. म्हणून सेट घ्यायचा ठरवला.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात मालकाने स्वतः करून दाखवलं. वाइसमध्ये जुन्या चेनचा तुकडा पकडलेला होता. त्याने ब्रेकर लावला, पाना फिरवला आणि पिन अलगद बाहेर आली. हत्यार हातात घेऊन पाहिलं: जड, आटे स्वच्छ, पिनेचं टोक सपाट. "दादा, पाणी दिलेली, तापवून कडक केलेली पिन आहे. ५३० पर्यंत कुठलीही चेन आणा," म्हणाला. मग ते बाजूला ठेवून, "हा डेमोचा पीस, तुम्हाला सील पॅक देतो," म्हणत आतून टेप लावलेला खोका आणला. बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. "गॅरंटी माझी, दुकान कुठे पळतंय?" पैसे यूपीआयने दिले, त्यामुळे निदान व्यवहाराची नोंद राहिली.

घणसोलीला घरी येऊन काम सुरू केलं. पिनेचं डोकं पूर्ण घासलेलं होतं. पाना फिरवला तशी चेनची पिन जागची हलली नाही, ब्रेकरचीच पिन वाकली आणि तिचं टोक ठोकलेल्या खिळ्यासारखं पसरलं. शेजारचे काका रबाळे एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत. त्यांनी खिशातली छोटी कानस त्या पिनेवर ओढली. कडक पोलादावर कानस घसरते. इथे तिने चकचकीत कीस काढला. "अहो, हिला पाणी दिलेलंच नाही. नुसतं काळं केलंय," काका म्हणाले. बॉडीही बीडाची (ओतीव लोखंडाची) निघाली, कडेला ओतकामाची रेघ स्पष्ट दिसत होती. दुकानात हातात घेतलेल्या हत्यारावर तशी रेघ नव्हती. तिथेच उलगडा झाला.

पण खरी धास्ती रिव्हेट फुलवायच्या तुकड्याने बसली. माझ्याकडे एक जास्तीचं लॉक होतं, त्यावर तो चालवून पाहिला. टोक मध्यावर नव्हतंच. पिन एका बाजूला फुलली आणि कडेला बारीक तडा गेला. तडा गेलेलं लॉक फेकूनच द्यायचं असतं. ते तसंच चालवलं की बाहेरची पत्ती कधीतरी निसटते, चेन सुटते आणि पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचं केसिंग फोडते, नाहीतर मागचं चाक जाम करते. मागून कंटेनर येत असताना चाक जाम झालं तर काय होईल, ते ठाणे-बेलापूर रोडवर रोज बाइक चालवणाऱ्याला सांगायला नको.

दुकानात परत गेलो तेव्हा तोच डेमो दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर चालू होता. आधी म्हणाला, तुम्ही डोकं नीट घासलं नसेल. मग म्हणाला, ताकद जास्त लावली. मी म्हटलं, ठीक आहे, हा वाइसवरचा पीस मला द्या आणि माझा तुम्ही ठेवा. त्यावर त्याने तो उचलून काउंटरखाली टाकला आणि 'विकलेला माल परत घेत नाही' या पाटीकडे बोट दाखवलं.

त्या पाटीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. माझ्या खोक्यावर आयातदाराचं नाव, एमआरपी, महिना-वर्ष, देश यातलं काहीच छापलेलं नव्हतं. पॅकबंद मालावर हे असावंच लागतं, आणि ते नसेल तर वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) वेगळी तक्रार करता येते.

सेट घेणारच असाल तर दाखवलेलाच पीस मागा, नाहीतर खोका दुकानातच उघडायला लावा. कानस खिशात न्या आणि पिनेच्या बाजूला एकदा ओढून बघा. खऱ्या मालाच्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही. पिन सुटी बदलून मिळते का, तेही विचारा. चांगल्या सेटचीसुद्धा पिन कधीतरी मोडते. आणि तुमच्या बाइकला ४२८ ची चेन अन् क्लिप लॉक (रिव्हेटऐवजी क्लिपने अडकवायचं) असेल तर कुणी कितीही गळ घातली तरी हा सेट घेऊ नका. किटमधली चेन बहुधा मापात कापलेलीच येते, क्लिपसाठी नोज प्लायर पुरतो. फक्त क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा.

माझी चेन शेवटी काकांनी टूलरूममधून आणलेल्या सेटने बसली. शेजारच्या कडीची रुंदी वर्निअरने मोजून नवी पत्ती तेवढीच दाबली. दुकानदाराने पैसे अजून दिलेले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे तडजोड झाली नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. वाकलेली पिन, खोका, चिठ्ठी आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. त्याच दुकानातून असा सेट घेतलेल्यांनीही आपापला खोका टाकू नये, तक्रारीला तोच लागतो.